लाटांपुढची खुर्ची

४ जानेवारी
आज नवल घडलं. इस्त्री करता करता वाचनालयाच्या प्रश्नमंजुषा स्पर्धेचे सरावप्रश्न मोठ्याने वाचत होते. वायकिंग योद्ध्यांच्या शिरस्त्राणांवर काय असायचं? शिंगं. तर माडीवरून आवाज – "शिंगं नव्हती. तसं एकही सापडलेलं नाही."
वन्सं! लग्न मोडून माहेरी आल्यापासून "हो", "नको", "भूक नाही" यापलीकडे शब्द नाही. ताटसुद्धा वरच्या खोलीत. आणि आज शिंगांवरून अख्खं वाक्य.

५ जानेवारी
चुकीचं ऐकलं की त्यांना राहवत नाही! म्हणून मुद्दाम जिन्याखाली उभी राहून वाचलं – मार्को पोलोने चीनहून इटलीत पास्ता आणला. खोटं आहे, मला ठाऊक होतं. वन्सं निम्मा जिना खाली. "पास्ता त्याच्या आधीपासून होता तिथे, वहिनी. काय वाचता हे?"
नवरा म्हणाला, "तुला एवढंही माहीत नाही?" त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

९ जानेवारी
स्पर्धेला माझी जोडीदार म्हणून वन्संचं नाव देऊन आले. न विचारता. आधी भडकल्या. मग म्हणाल्या, निदान बरी पुस्तकं तरी आणा.

१३ जानेवारी
सराव म्हणजे रोजचं भांडण. मी या खेळात मुरलेली. परीक्षकाच्या कार्डावर असेल तेच उत्तर द्यायचं, खरं काय ते घरी जाऊन बोलायचं. वन्सं म्हणतात, "मग शेजारी पोपट बसवा." पोपटाने गुण तरी मिळवून दिले असते, म्हटलं. हसल्या. किती दिवसांनी!

१८ जानेवारी
अंतिम फेरी. बरोबरी झालेली. शेवटचा प्रश्न – इंग्लंडचा राजा कॅन्यूट समुद्रापुढे खुर्ची टाकून का बसला? कार्डावर काय असणार ते माहीत होतं: लाटा आपलं ऐकतील या घमेंडीत. घंटा माझ्या हाताखाली. चषक इतकी वर्षं हुकलेला. वन्संकडे पाहिलं. खरं उत्तर अगदी ओठांवर आलेलं. घंटा त्यांच्याकडे सरकवली आणि चषकावर पाणी सोडलं.
उभ्या राहिल्या. "राजाचा हुकूम समुद्रावर चालत नाही, हे तोंडपुज्या दरबाऱ्यांना दाखवायला. आणि ही गोष्ट लिहिली गेली त्याच्या मरणानंतर शंभरेक वर्षांनी. घडलीच असेल असंही नाही."
भरल्या सभागृहात, न अडखळता.
ग्रंथपालबाईंनी कार्ड पाहिलं. "चूक."
वाईट वाटलं. इथे खोटं कशाला लिहू? पण घरी येताना वन्सं माझ्यापुढे चालत होत्या, झपाझप.

२२ जानेवारी
ग्रंथपालबाई घरी आल्या. त्यांनी पुस्तकं उघडून पाहिली होती. "चूक कार्डाची होती. पुढच्या वर्षीपासून प्रश्न तुम्हीच काढाल का?" वन्संनी चहा गार होईपर्यंत विचार केला. हो म्हणाल्या.
प्रश्न काढणाऱ्यांच्या घरच्यांना भाग घेता येत नाही. म्हणजे मी कायमची बाद! चषक गेला खड्ड्यात.

२३ जानेवारी
वन्संचं ताट वर न्यायला उचललं, तर त्या खाली येऊन बसलेल्या. "वहिनी, पास्त्याचं तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"
मी कार्डावरचं उत्तर दिलं. "नाही."