रानकोंबडीवर माझा पहारा

४ मार्च १९३१, चौल
चीड! निव्वळ चीड! देवळामागच्या डोंगरात करवंदीच्या जाळीखाली रानकोंबडीची अंडी होती. परवा होती, आज नुसती टरफलं. गावाला त्याचं काही नाही. फॉरेस्ट खात्यात जन्मभर कारकुनी केली ती काय हे बघायला? आजपासून ‘रानकोंबडी संरक्षण मंडळ’ स्थापन. प्रेसिडेंट मी. सेक्रेटरी आमची बायको काशी. तिला अजून सांगितलेलं नाही.

९ मार्च
सांगितलं. म्हणाली, आधी माळ्यावरचे उंदीर बघा.
योजना पक्की. सापडेल त्या घरट्याशेजारी उंच बांबू, वर पांढरं निशाण. म्हणजे लाकूडतोड्याचा चुकून पाय पडणार नाही. त्यासाठी जुनं धोतर फाडलं. काशी म्हणते, ते जुनं नव्हतं.

१५ मार्च
दोन निशाणं लागली. रोज सकाळी राउंड. मी गेलो की कोंबडी आपणहून उठून पळते, अंडी नीट बघता येतात. समजूतदार पक्षी. एका निशाणावर डोमकावळा बसला होता. चला, रानात एकाला तरी पहाऱ्याची किंमत कळली.

१६ मार्च
दोन्ही घरटी साफ! हलकट मुंगूस!

२२ मार्च
मुंगसासाठी पिंजरा लावला. शेजारच्या रहिमुन्निसाबींची कोंबडी अडकली. बाई कुंपणापलीकडून बराच वेळ बोलत होत्या. लिहिण्याजोगं एवढंच की, मुंगूस सोडून सगळं धरता तुम्ही. बाईंना पक्ष्यांबद्दल काडीची आस्था नाही.

१ एप्रिल
आणखी दोन निशाणं, आणखी दोन घरटी गेली. चोर सापडला. भागोजी! डोंगरात लाकडं तोडणारा तोच एक. गार्डाला सांगून त्याची डोंगराची वाट बंद करवली. संध्याकाळी दारात आला. म्हणाला, अंडी खाल्ली आसती तं सांगून खाल्ली आसती आण्णा, पर आता मी पोट काशावं भरू? काशीने त्याला पायलीभर तांदूळ दिले. माझ्या घरातून!

८ एप्रिल
भागोजी आठवडाभर डोंगरात फिरकलेला नाही. तरी काल निशाण लावलेलं घरटं गेलं. याचा अर्थ उघड आहे. रात्री जात असणार.
काशीने विचारलं, तुम्हीच चार दिवस गेला नाहीत तर? म्हटलं, मग राखण कोण करणार? बायकांना सायन्स कळत नाही.

१४ एप्रिल
रावजीकाका गेले. फार वाईट वाटलं. रानकोंबड्याची हाक ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. मूलबाळ नाही, क्रिया मलाच. आणि आजच ओढ्याकाठी कोंबडी अंड्यांवर बसताना लांबून दिसली! या मोसमातलं शेवटचं घरटं, आणि काशी म्हणते दहावं होईपर्यंत डोंगरात पाऊल टाकायचं नाही. तोवर काही उरेल का तिथे?

२३ एप्रिल
अपमान! चारचौघांत अपमान!
दहाव्याचा पिंड तळ्यावर ठेवला. तिथून थेट ओढ्यावर जायचं म्हणून बांबू आणि निशाण बरोबर घेतलं होतं, ते वडाला टेकवलं. कावळे आले, वडावर बसले, पण पिंडाला शिवेनात. काकांची गाय सांभाळीन म्हटलं. नाही. काकूला नाशिकला नेईन म्हटलं. नाही. ऊन डोक्यावर आलं, माणसं उपाशी. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल. इच्छा कसली? कावळे पिंडाकडे बघतच नव्हते. माझ्या निशाणाकडे बघत होते.
संतापून बांबू उचलला आणि डोंगराच्या वाटेला लागलो. वडावरचा सगळा थवा उठला आणि माझ्या डोक्यावरून निघाला. मी थांबलो, ते आंब्यावर बसले. मी चाललो, ते उठले. मागून भागोजी ओरडला, आण्णा, माघारी फिरा, त्ये वाट बघतान तुमची, घरटा दावाल म्हनून! सगळे हसले. दहाव्याला हसतात?
काशी बायकांतून तडक आली. बांबू माझ्या हातातून घेतला, तळ्यात टाकला, आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, भटजींना नाही, मामंजी, तुम्हाला सांगते, हे आता डोंगरात जाणार नाहीत.
कावळा शिवला. लगेच.
काकांची ही इच्छा होती तर जिवंतपणी मला बाजूला घेऊन सांगायची होती!

२६ एप्रिल
गार्डाला सांगून भागोजीची वाट मोकळी केली. मोठेपणा म्हणून. काशी जेवायला वाढत नव्हती, हे कारण नव्हे.

१२ मे
भागोजी लाकडं घेऊन आला. काशीला सांगत होता की ओढ्याकाठी कोंबडी पिल्लं घेऊन फिरताना दिसली. पाच. मंडळाच्या कार्याला यश म्हणायला हवं. काशीला विचारलं, मंडळाने आता पुढे काय करावं? म्हणाली, हेच. बसून राहा.
मला ती पिल्लं एकदा बघायची फार इच्छा आहे.
दुपारी छत्री घेऊन हळूच ओटीवरून उतरलो. समोरच्या फणसावर दोन डोमकावळे बसले होते. ते उठले.
मी परत आत आलो.