बोटीवरचे चार विषय

आई,

धाकटी बोटीवर शिकायला निघाली आहे. बोट म्हणजे डाळजजवळच्या धरणाच्या पाण्यातून पलीकडच्या काठाला माणसं नेणारी होडी नव्हे. वर्ग, वाचनालय, जेवणघर, दवाखाना, सगळं असलेलं मोठं जहाज. ते या देशातून त्या देशात जात राहतं आणि मुलं त्यावर एक अख्खं सत्र शिकतात. तिला त्याची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. तू गेलीस तेव्हा ती तिसरीत होती, झोपेत अजून अंगठा तोंडात घालायची. आता बारामतीच्या कॉलेजात अन्नप्रक्रिया शिकते. हे तुला कळवताना मला आनंद व्हायला हवा, पण मला तिचा हेवा वाटतो आहे. जिवंत माणसांपैकी कुणाला हे सांगायची सोय नाही, म्हणून तुला लिहिते.

आपल्या घरात नवी गोष्ट आधी माझ्याकडे यायची. लाड म्हणून नव्हे. तू म्हणायचीस, थोरली बघून येईल, मग धाकटी जाईल. एकटीनं एसटीनं बारामतीला जायचं, बँकेत खातं उघडायचं, दात काढून घ्यायचा, हे सगळं आधी मी केलं. घरात कुणीच शाळेत गेलेलं नव्हतं, त्यामुळं मला विचारायला माणूस नव्हता. मी घाबरत जायची, कुठं कुणाला काय विचारायचं ते ध्यानात ठेवायची आणि घरी येऊन तिला सांगायची. तू गेल्यावरही ती रीत मोडली नाही. धाकटीला कशाचीच भीती वाटत नाही याचं सगळे कौतुक करतात. तिच्या वाटणीची भीती मी आधीच वाटून घेतलेली असते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. या खेपेला मात्र मी आधी जाऊन आलेले नाही. मी इंदापूरच्या कॉलेजात तासिकेवर गणित शिकवते आणि मी अजून समुद्र पाहिलेला नाही. मी नववीत असताना समुद्राच्या सहलीला जायच्या सकाळीच धाकटीला कांजिण्या उठल्या, तुझी दुधाच्या कारखान्यात पाळी होती, मी घरी थांबले. त्यानंतर मला कुणी अडवलं नव्हतं, तरी गेले नाही. आणि जिच्यासाठी थांबले तीच आता मला म्हणाली, "ताई, विषय तूच निवड. मला त्यातलं काय कळत न्हाय."

रविवारी आम्ही तिच्या बारामतीच्या खोलीवर बसलो. तात्या लेकीला भेटायला गावाकडून मेथी घेऊन आले होते आणि ओट्याशेजारी बसून ती निवडत होते. मी नियम वाचून दाखवत होते. चार विषय घ्यायचे, त्यातला समुद्राचा विषय सगळ्यांना सक्तीचा. बोट बंदरात उभी असेल तेव्हा वर्ग नाहीत, पण प्रत्येक विषयाचा एक दिवस कुठल्या तरी बंदरात बाहेर जाऊन शिकायचा, आणि दोन विषयांचे असे दिवस एकमेकांवर येता कामा नयेत. पाण्यावर सोमवार-मंगळवार मोजत नाहीत, एका दिवशी काही विषय, दुसऱ्या दिवशी उरलेले, असं आलटून पालटून चालतं. तात्यांचा हात थांबला. "सोमवार न्हाय? मग ही उपास कवा धरायची?" धाकटी म्हणाली, "तुमी हितं धरा की तात्या माझ्या वाटचा. मी तितं जेवते." ते गालात हसले आणि पुन्हा मेथीकडं वळले. तिच्याशी ते असेच हसतात. मी बोलायला लागले की एखादं बिल भरायचं राहिलंय असा चेहरा करतात.

तिनं तीन विषयांवर खुणा केल्या होत्या. जगातली खाणीपिणी, सार्वजनिक आरोग्य आणि प्रवासलेखन. मी तिला सांगितलं की परत आल्यावर आपल्या विद्यापीठानं हे विषय धरले नाहीत तर वर्षाचं नुकसान होईल. ते खरंच होतं. मी तिचे दोन विषय ठेवले आणि प्रवासलेखन काढून तिथं संख्याशास्त्र घातलं. मग खाणीपिणीचा आणि संख्याशास्त्राचा बाहेरचा दिवस एकाच बंदरात येतो असं दिसलं, तेव्हा खाणीपिणी काढून व्यवस्थापन घातलं. माझं सगळं चोख जुळलं. कुठं धोका उरला नाही. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे तर इंदापुरात बी मिळतंय. त्याला बोट कशाला, आपली लालपरी हाय की." मी म्हणाले, नियम मी केलेले नाहीत. ती म्हणाली, "न्हाय, पण तुला आवडत्यात."

मग मात्र ती अचानक नमली. भांडली असती तर बरं झालं असतं. उठून माझ्या मागं आली, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुला कळतंय ते लिही. तू कधी चुकली न्हाईस." आई, तेव्हा मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती बोलले नव्हते. विभागप्रमुखांनी लेखी मान्य केलं तर प्रवासलेखन आपल्याकडच्या ऐच्छिक विषयाऐवजी धरता येतं. ते मी सकाळीच वाचलं होतं. प्रवासलेखनाची माहिती मी जितक्यांदा वाचली तितक्यांदा दुसऱ्या कुठल्याच विषयाची वाचली नाही. परक्या बंदरात उतरायचं, बाजारात हिंडायचं, परत येऊन लाटांवर हलणाऱ्या वर्गात ते सगळ्यांसमोर वाचायचं. मी तिला नुकसानीपासून वाचवत होते की मला मिळालं नाही ते तिलाही मिळू देत नव्हते, हे मला खरोखर कळेना. मी दिवसभर तपासत राहिले. गणिताचं उत्तर ताडून बघता येतं, याचं येत नाही.

दुसऱ्या दिवशी विषय देण्याची मुदत संपत होती, म्हणून मी रात्री तिथंच राहिले. सकाळी तिच्या कॉलेजला जाताना, एमआयडीसीच्या चौकात, तिच्या स्कूटीवर मागं बसलेली असताना मी तिला त्या लेखी मान्यतेचं सांगितलं. तोंड समोर नसलं की बोलणं सोपं जातं. ती म्हणाली, "मग काल का बोलली न्हाईस?" मी म्हणाले, खात्री करत होते. तिनं गाडी जरा जास्तच जोरात नेली.

विभागप्रमुख बाई समंजस होत्या, पण त्यांना प्रवासलेखन हा शब्दच पटेना. "अन्नप्रक्रियेच्या मुलीला लेखन कशाला? उद्या मला वर उत्तर द्यावं लागेल." खोलीवर एवढी बोलणारी धाकटी, तिथं माझ्याकडं बघू लागली. मग मीच बोलले. म्हणाले, प्रत्येक बंदरात दूध, मासळी, धान्य कसं विकतात, काय टिकवतात, काय फेकून देतात, हे तिला डोळ्यांनी बघून लिहायचं आहे, हे कारखान्यात उभं राहून शिकता येत नाही. किनाऱ्यावरच्या वासांबद्दल बोलले. पहाटेच्या बाजाराबद्दल बोलले. जे कधी पाहिलं नाही त्याबद्दल मी इतकं कसं बोलले कोण जाणे. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हीच निघाल्यासारखं बोलताय." धाकटी हसली, बाई हसल्या, मीही हसले. त्यांनी सही केली. संख्याशास्त्र गेलं, व्यवस्थापन गेलं. तिला तिचे सगळे विषय मिळाले. खाणीपिणीचे आणि लेखनाचे दिवसही वेगवेगळ्या बंदरांत आले.

तिनं मला बसस्टँडवर सोडलं. इंदापूरची गाडी लागलेली होती, ती मी जाऊ दिली. योग्य ते केलं की मन हलकं होतं असं मी मुलांना सांगते. माझं झालं नाही. ती मैत्रिणींना फोनवर सांगत निघून गेली, आणि तिचं हसणं ऐकू येईनासं होईपर्यंत मला वाटत होतं की बाईंनी नाही म्हणायला हवं होतं.

त्या बाकावर मला माझ्या अकरावीच्या प्रवेशाचा दिवस आठवला. तू पाळी संपवून तशीच आली होतीस, तात्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून, हात दुधाच्या थंडीनं पांढरे पडलेले. खिडकीतल्या माणसानं विषय विचारले. मी सांगत होते आणि तू खिडकीच्या गजाला धरून ऐकत होतीस. मध्येच तू त्याला विचारलंस, "समदं घेता येत न्हाय व्हय?" तो हसला. मी लाजले. संध्याकाळी चुलीपुढं माझी भाकरी करपली, तेवढ्यावरून तू मला असं बोललीस की तात्या बाहेर निघून गेले. "लई शानी झालीस. पुस्तकात बघून येत न्हाय ही." मी रडत झोपले. दुसऱ्या दिवशी तू कारखान्यातून कान तुटलेला निळा क्रेट मागून आणलास, धुतलास, पुसलास, आणि माझी पुस्तकं त्यात उभी करून ठेवलीस. त्या संध्याकाळचा राग मी इतकी वर्षं तुझ्या थकव्यावर ढकलत आले.

मला आता तसं वाटत नाही. तू खिडकीतून माझ्याकडं नव्हे, आत बघत होतीस, त्या लांबलचक खोलीत, जिथं बाकं होती. मी बाईंसमोर उभी होते तशीच.

हे पत्र कुणी वाचणार नाही, म्हणून सांगते. तू माझ्यावर जळली असावीस, अशी माझी फार इच्छा आहे.