दहापैकी दोन

सावदा
गुरुवार

प्रिय नूतन,

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, कुणी आजारी नाही. माझ्याकडे फोन आहे, तुझा नंबर आहे, आणि दर पाडव्याला आपण एकमेकींना फुलांची चित्रंही पाठवतो. पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. ‘बठ्ठं बरं शे ना?’ असं विचारून विषय बदलशील, आणि मीही बदलू देईन. इतकी वर्षं तेच केलंय. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून कागद.

परवा तुझ्या डिंपलचा फोन आला. श्रावणातल्या कानबाईदेवीची गाणी तुझ्या आवाजात रेकॉर्ड करायचं तिने मनावर घेतलंय, कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, धुळ्यातच स्टुडिओ घेतलाय, ढोलकीवाला सांगून ठेवलाय, आणि तू ठाम नाही म्हणून बसली आहेस. का, तर तू तिला म्हणालीस, ‘सुनंदानी ऐकेल शे मन्हं गाणं. तिना कान खोटं नही सांगतस.’ पोरीने ते मला जसंच्या तसं ऐकवलं, आणि वर म्हणाली, मावशी, आता तुम्हीच काहीतरी सांगा, आई फक्त तुमचं ऐकते. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून दोन वेळा भाजीत मीठ विसरले.

तर माझ्या कानांविषयी. ते अजून शाबूत आहेत आणि तितकेच खडूस आहेत. आपला नियम मी मोडलेला नाही. आठवतो ना? कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, मग दहापैकी गुण, आणि एकदा लिहिलेला गुण बदलायचा नाही. माझ्या वडिलांची धुळ्याला बदली झाली आणि आम्ही तुमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आलो, त्याच वर्षी तुझ्या आबांनी टेप घेतला होता. कॉलेजचा अभ्यास कधी केला देव जाणे, पण गुणांची वही दोन वर्षांत भरली. लग्न होऊन मी इकडे केळीच्या मुलखात आले तेव्हा वहीच्या जागी पोस्टकार्ड आलं, एवढाच काय तो फरक.

आता माझ्या मुलाने, नवीनने, मला एक छोटा स्पीकर आणून दिलाय. पोरगा पुण्याहून गाणी पाठवतो आणि मी मार्क पाठवते. मागच्या महिन्यात एक गझलांचा अल्बम पाठवला, म्हणे सगळं जग वेडं झालंय. झालं असेल. गाणारा प्रत्येक शब्दापाशी इतका रेंगाळतो की दोन ओळींच्या मधे माझी गवार निवडून होते. चार दिले. एक भजनांचा होता, बुवांचा गळा काय सुंदर, पण मागे इतकी यंत्रं वाजवलीत की देवाला बुवा ऐकू येत असतील का, शंका आहे. पाच. मग जळगावच्या पोरांनी केलेला अहिराणी अल्बम, तोच, जो हल्ली प्रत्येक हळदीत डीजेवर वाजतो. मी नाक मुरडूनच लावला. नूतन, आठ दिले मी त्याला! शब्द थिल्लर आहेत, मान्य. पण ठेका कुठे सुटत नाही आणि पोरं आपल्या बोलीची लाज न बाळगता गातात. तुझ्या आईसारखं ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणतात, ऐकून बरं वाटलं.

आणि एक परदेशी. त्यात शब्दच नाहीत, एक माणूस एकटा बसून पाऊण तास पियानो वाजवतो. नवीन म्हणाला, झोप येण्यासाठी ऐक. झोप कसली येते, मी ताठ बसून ऐकलं. मधेच एकदा त्याची खुर्ची करकरते. कुणी ती काढून टाकली नाही, किती छान केलं. त्या खुर्चीमुळे तो माणूस मला माझ्या ओट्यावर बसल्यासारखा वाटला. नऊ दिले. दहा मी आजवर कुणालाच दिलेले नाहीत, हे तुला माहीत आहे.

घरात मात्र माझ्या एका सवयीची थट्टा होते. स्पीकरचं चार्जिंग पूर्ण झाल्याशिवाय मी कुणाचंही गाणं लावत नाही. निम्मं असलं तरी नाही. आमचे हे, म्हणजे शालिग्रामराव, आता नाव घ्यायला मी लाजत नाही, ते म्हणतात, अवं, गाणं वाजू राह्यलं ना, मंग झालं. त्यांना कारण ठाऊक होतं, पण ते विसरलेत. मी विसरलेली नाही.

तुझी कॅसेट माझ्याकडे आहे. कव्हरवर तू हिरव्या लुगड्यात, नाकात तुझ्या आईची नथ, आणि खाली तुझं नाव जरा तिरकं छापलेलं. सहा गाणी. दरवर्षी कानबाईच्या रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, मी ती ऐकते. तिसऱ्या गाण्यात देवी निघायची वेळ होते, तिथे तू एका ओळीआधी श्वास घ्यायला थांबतेस, मागच्या बाया थांबत नाहीत, आणि तू त्यांना पुढच्या शब्दावर बरोबर गाठतेस. तुमच्या घरी कानबाईपुढे तुझी आई असंच गायची आणि मी मागे टाळ्या वाजवायचे. ती जागा आली की मी अजूनही टाळी चुकते. म्हणशील, दोन गुणांची कॅसेट ही बाई दरवर्षी कशाला ऐकते? तेच सांगायला बसलेय, आणि आज सांगितल्याशिवाय उठणार नाही.

तुझी कॅसेट पोस्टाने आली तेव्हा केळीची कापणी चालू होती आणि आम्ही शेतातल्या खोलीत मुक्कामाला होतो. तिथे लाइट कधी यायची, कधी नाही. टेप सेलवर चालायचा. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि त्याच संध्याकाळी कार्ड लिहिलं: आवाज बसलेला, ठेका लोळतो, दहापैकी दोन, कॅसेटचा नाद सोड. तू सोडलास. दुसऱ्या कॅसेटला कॅसेटवाला तयार असताना त्याला नाही म्हणालीस. कार्ड टाकून महिना झाला असेल, ह्यांनी सावद्याहून नवे सेल आणून घातले आणि हसून म्हणाले, टेपचे सेल उतरेल व्हते, म्हणून तो हळू हळू रडू राह्यला व्हता. आत तुझीच कॅसेट होती. तुझा आवाज असा वर चढला की माझ्या हातातलं चहाचं पातेलं तसंच राहिलं. नूतन, दुसऱ्या कुणाची कॅसेट असती तर उतरलेले सेल मला पहिल्या ओळीत कळले असते. तुझ्या वेळी मला कळून घ्यायचं नव्हतं. तू गात होतीस, कव्हरवर तुझा फोटो होता, आणि मी मजुरांचा चहा उकळत होते. जळले मी. दुसऱ्या दिवशी कार्ड लिहिता आलं असतं. सत्तावीस वर्षं लिहिलं नाही. तुझ्या आवाजात काही कमी नव्हतं, खोट माझ्यात होती. गुण बदलायचा नाही हा नियम मी आज मोडतेय: दहा. आता तुझ्या रागाचं काय करायचं ते तू ठरव, माफी मिळेल म्हणून मी लिहीत नाही. पण डिंपलला नाही म्हणायला माझे कान पुढे करू नकोस. त्या शनिवारी सकाळच्या बसने मी धुळ्याला येतेय. काखेत तोच टेप, पिशवीत तुझी कॅसेट आणि चार कोरे सेल. दार उघडलंस तर आत बसून ऐकू. नाही उघडलंस तर तुझ्या ओट्यावर बसून दोन्ही बाजू लावीन, सगळी गल्ली ऐकेल, आणि मग तुला स्टुडिओत घेऊनच जाईन.

तुझीच,
सुनंदा