वाकड्या पानांचा घेवडा

मी, तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारी, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली स्वयंपाकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. बाकी शरीराबद्दल त्या जे बोलल्या, त्यामुळेच लिहायला बसले. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. कोणी फिरकतच नाही, तर दडपण कोण आणणार?

१. राहत्या दोन खोल्या, माझ्या आणि आमच्या ह्यांच्या कष्टाच्या, माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळाव्यात. बँकेतली ठेवही तिचीच. खोल्या विकणार असल्याचं तिने फोनवर सांगून टाकलं आहे. मी विचारलं, "आणि मागचा खताचा ढीग?" तर म्हणाली, "आई, कचरा काय कोणी वारसाहक्काने घेतं?" तिला दोष देत नाही. मी कसलीही अट घालत नाही. अटी मोडायला माणसाला माझ्या मरणाची वाट पाहावी लागत नाही, हे मी पाहिलं आहे.

२. मोठी पातेली, झारे आणि पोळपाट तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सला. सगळ्या इमारतीत तीच अजून भाजीची सालं पदराआड लपवून आणते आणि ढिगावर टाकून पळते. सासूला कळलं तर तिची धडगत नाही, म्हणून भांडी देताना कारण सांगू नये.

३. ज्या ढिगामुळे हे सगळं झालं, त्याबद्दल. रुग्णालयात ताटांत उरलेलं अन्न रोज पिंपं भरभरून जाताना मी वर्षानुवर्षं पाहिलं. निवृत्त झाल्यावर इमारतीमागच्या पडीक जागेत मी खताचा ढीग घातला. प्रत्येक बिऱ्हाडाने सालं, देठं, शिळंपाकं आणून टाकायचं, मी त्यावर वाळका पाला पसरायचा आणि फावड्याने ढीग पालटत राहायचं. आत हात घातला की चटका बसायचा. तो बसला की माझा दिवस चांगला जायचा. जुन्या ढिगातलं थोडं काढून नव्यात घालायची, दुधाला विरजण लावतात तसं. त्या खतावर वाफे केले. टोमॅटो, घेवडा, पालक. एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोललेली माणसं जिन्यात टोमॅटोंवरून हुज्जत घालू लागली. माझ्या आयुष्यात एवढं सुख मला दुसऱ्या कशानेच दिलं नाही, लग्नानेसुद्धा नाही. आमचे हे आता ऐकायला नाहीत, म्हणून लिहिते.

४. माझे दीर पहिल्या मजल्यावर राहतात. समोरची हिरवळ त्यांच्या निगराणीत. कापलेलं गवत ते ढिगावर आणून टाकायचे आणि मी कुरकुरायची की भावजी, तुमच्या गवतातून तणाचं बी येतं, ते सगळ्या वाफ्यांत उगवतं. एका वर्षी गवत अगदी स्वच्छ आलं. मी त्यांचं कौतुकही केलं.

ते खत आम्ही सगळ्यांनी वाफ्यांत घातलं. रंगाने काळं, वासाला गोड. आणि टोमॅटोची पानं मुठी आवळल्यासारखी वळली. घेवडा उगवतानाच वाकडा. सगळे वाफे गेले.

सोसायटीच्या सभेत एकच गलका झाला. "उष्ट्याखरकट्याचं विष भिनलं," म्हणाले. मी दोन कुंड्या घेऊन गेले होते. साध्या मातीतला घेवडा सरळ, खतातला वाकडा. उष्ट्याने पान वळत नाही, तणनाशकाने वळतं, असं ओरडून सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, आता पुरे झालं." ठराव झाला. कचरा गाडीला द्यायचा आणि मागे गाड्या लावायला फरशी करायची. भावजी मागच्या रांगेत स्वतःच्या चपलांकडे बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात म्हणाले, "वहिनी, औषध मीच मारलं होतं. तुम्हाला बी नको होतं ना, म्हणून कापायच्या आधी फवारलं. ते ढिगातसुद्धा जिरत नाही, हे मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

"मग काल का नाही बोललात?"

"धीर झाला नाही."

फवारल्याबद्दल माझा राग नाही. गप्प बसल्याबद्दल आहे, आणि तो माझ्याबरोबर जाणार. त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेले नाही.

५. फरशी अजून घातलेली नाही. म्हातारीच्या डोळ्यांदेखत नको, म्हणून सेक्रेटरी थांबले आहेत. ही त्यांची दया मला झोंबते. माझा प्राण गेला की ढीगही जाणार, हे मला रोज सकाळी खिडकी उघडताना कळतं. सेक्रेटरींना माझ्याकडून काहीही नाही. त्यांना जागा मिळतेच आहे.

६. फावडं, खिडकीतली त्याच वर्षीच्या खताची कुंडी आणि घेवड्याच्या बियांची बरणी भावजींना. त्या खतात मी दर हंगामात बी लावते. पान सरळ आलं की विष सरलं. या वेळीही वाकडंच आलं. मागच्यापेक्षा थोडं कमी वाकडं, असं वाटतं, पण माझ्या नजरेवर आता माझाच भरवसा नाही. त्यांनी बी लावत राहावं. पान सरळ आलं, तर कुंडी सभेत न्यावी आणि सगळ्यांसमोर उभं राहून, तोंडाने सांगावं की खत चांगलं होतं, औषध मी मारलं. तोवर खाली फरशी झालेली असेल. तरीही सांगावं.

ते सांगतील असं मला वाटत नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, असं वकील म्हणाले, म्हणून भावजींना सहीला बोलावलेलं नाही. एरवीही त्यांना साक्ष देता येत नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिलं. खोडाखोड नाही.

सही: भावजींची वहिनी

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. डॉक्टरीणबाई
२. कोपऱ्यावरचे शिंपी

स्थळ: मागची खिडकी
दिनांक: नोंदणी कचेरीच्या शिक्क्यावर असेल तो. ढिगात आज हात घातला. थंड होता.