गूळ बाजाराच्या भिंतीवरचं टिंब

आबा, काल मी गूळ बाजाराची भिंत रंगवून आलो. तीच भिंत, जिच्यापायी तुम्हाला नेलं. तुमच्यानंतर दरबारानं तिच्यावर चुना मारला, मग खतांच्या जाहिराती आल्या, मग नुसतं शेवाळ. आता तिथं पुन्हा तेच दोन शब्द आहेत, तुमच्याच वळणाचे. ते कसे लिहिले हे तुम्हाला सांगायचं आहे. लिहिताना कुठं ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर तुमची भुवई वर जाईल ही भीती आजही वाटते, म्हणून प्रत्येक वाक्य आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून, तपासून, मग इथं उतरवतो आहे.

माझी शाळा सातवीतच सुटली. लाल बावट्यावाल्याचा मुलगा म्हणून मास्तर मला मागच्या बाकावर बसवायचे, आणि एक दिवस नावच कमी झालं. पण इतिहासाचं पुस्तक माझं पाठ होतं. त्यात लिहिलं होतं की आजूबाजूची संस्थानं देशात विलीन झाली, आपलं कोल्हापूर मात्र झालं नाही, कारण गोऱ्यांनी जाता जाता गादीवर बसवलेलं नवं घराणं प्रजेला प्रिय होतं. कम्युनिस्टांवर चारच ओळी होत्या: परक्या विचारांच्या काही लोकांनी हमालांना भडकवलं आणि दरबारानं त्यांचा बंदोबस्त केला. बाकीचा इतिहास मला आईनं सांगितला, तोही भाकरी थापताना, तुकड्यातुकड्यांनी. आजोबांच्या काळात हमालांनी ऐन हंगामात पाठीवरची पोती खाली ठेवली, अवकाळी पाऊस आला, उघड्यावरच्या ढेपा विरघळल्या आणि बाजारातल्या गटारीतून गूळ वाहिला. तेव्हा कुठं व्यापारी बोलायला बसले. पुढं तुमच्या काळात दरबारानं कम्युनिस्ट पक्षाला प्रजासभेत दोन खुर्च्या देऊ केल्या, पण बसण्याआधी राजाच्या नावानं शपथ घ्यायची अट घातली. अर्ध्यांनी शपथ घेतली, अर्ध्यांनी नाही, आणि दोघंही एकमेकांना गद्दार म्हणू लागले. तुम्ही शपथ न घेणाऱ्यांत होता. त्यांच्यावर बंदी आली. दुकानात लाल रंगसुद्धा परवान्याशिवाय मिळेना.

आणि मग कौल निघाला. राजा हवा की नको हे प्रजेनं सांगायचं, पण त्याआधी प्रत्येक पेठेतल्या मोठ्या भिंतीवर उत्तर लिहून ठेवायचं: राजा मंजूर. गावात सगळ्यांत चांगला हात तुमचा, म्हणून काम तुमच्याकडं आलं. तुम्ही ते घेतलं. घरात खायला लागतं, हे तुम्ही कुणाला समजावत बसला नाहीत. ते काम घेतलंत हे आई आजही ऐकवते. "साऱ्या गावात मंजूरवर टिंब दिलं त्येंनी. गंगावेशीला दिलं, पापाच्या तिकटीला दिलं. तवा न्हाय आठवला पक्ष?"

टिंबाची तुमची पद्धत मला ठाऊक आहे, कारण मीही तसंच करतो. आधी चपट्या ब्रशनं अक्षरं, मग एका दमात शिरोरेषा, आणि सगळ्यांत शेवटी, खाली उतरून लांबून बघून झाल्यावर, बारीक ब्रशनं टिंबं. तो खारीच्या केसांचा ब्रश तुम्ही कानावर अडकवून ठेवायचात. स्वयंपाकघरात आई पीठ मळत असताना परातीभोवती सांडलेल्या पिठात तुम्ही मला अक्षरं गिरवायला लावत होता. मी घाईनं टिंब आधी दिलं की बोट धरायचात. "घर बांधायच्या आदी कळस चढवतोस व्हय रं?" आई म्हणायची, पीठ वाया घालवू नका. तुम्ही ते पुसलेलं पीठ गोळा करून गुपचूप परातीत टाकायचात. त्या भाकऱ्या कचकचायच्या.

गूळ बाजाराची भिंत शेवटची होती. तुम्ही शिडीवर आहात, शिरोरेषा नुकतीच ओढून झाली आहे, आणि शेजारची काकू पळत येते, तुमच्या पोराला झटके येतायत म्हणून. मला यातलं काही आठवत नाही, पण आईनं इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते मला दिसतं. तुम्ही डबा, शिडी, सगळं तिथंच टाकून धावत आलात. ब्रश कानावर तसाच होता. मी तापात तो ओढला आणि मूठ आवळून झोपलो. तुम्ही एकदा मूठ सोडवायला बघितली, मी रडलो, तुम्ही राहू दिलं. दुपार गेली. संध्याकाळी शिपाई आले ते तुम्हाला न्यायलाच. बाजारातले हमाल भिंतीपुढं उभे राहून मोठमोठ्यानं वाचत होते, "राजा मजूर", आणि पोटं धरून हसत होते.

कचेरीत आई मला घेऊन गेली. ते मात्र मला आठवतं. ब्रश माझ्या चड्डीच्या खिशात आहे आणि मी तो वरून चाचपतो आहे. न्यायाधीश म्हातारे आहेत, वाईट नाहीत. ते विचारतात, "पेंटर, टिंब राहिलं का?" आई पुटपुटते, "राहिलं म्हना, राहिलं म्हना." न्यायाधीश म्हणतात, "राहिलं असेल तर शिपायाबरोबर जा, शिडीवर चढा, टिंब द्या आणि तसेच घरी जा. मी कागद फाडतो." मागच्या बाकांवर तुमचे सोबती बसलेत, शपथ घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही. तुम्ही आईकडं बघता, माझ्याकडं बघता.

"राहिलं न्हाय, साहेब. तसंच लिवायचं हुतं."

"राजा मजूर?"

"व्हय. एकदा पोतं उचलून बघंल, मग कळंल."

सगळी कचेरी हसली. न्यायाधीशसुद्धा हसले असते, पण कारकून ते लिहून घेत होता.

तुरुंगात एकदाच भेट झाली. मधे जाळी होती. मी विचारलं, "आबा, ब्रश माझ्याकडं राहिला म्हणून टिंब राहिलं का?" तुम्ही असे ओरडलात की पहारेकरी वळून बघायला लागला. "गप! परत हे कुनापुढं बोललास तर याद राख." मग आवाज उतरवून म्हणालात, "ब्रश तुझाच हाय आता. केस वाळू देऊ नगंस. तेल लाव." आणि जाळीवरच्या धुळीत मला मंजूर लिहायला लावलंत. मी लिहिलं. "टिंब शिरोरेषेच्या वर. चिकटवू नगंस," तुम्ही म्हणालात. त्याच पावसाळ्यात काविळीनं तुम्ही गेलात. मागच्या दारानं तुम्हाला आमच्या ताब्यात दिलं. लाल कापड घालायला मनाई होती. हमालांनी गुळाचं एक रिकामं पोतं तुमच्या अंगावर पांघरलं, त्याला गुळाचा वास होता.

आता बंदी उठली आहे, आबा. थोरले महाराज गेले, धाकटे आले. पक्ष प्रजासभेत बसतो, शपथ घेऊन. गेल्या आठवड्यात पक्षाचे सेक्रेटरी घरी आले. तुमच्याबरोबर होते ते, कचेरीत मागच्या बाकावर. त्यांच्याबरोबर दरबारचा एक अधिकारी होता.

"काय पैलवान," सेक्रेटरी म्हणाले, "बापाचं वळण उचललंस का न्हाय? भिंत परत लिवायची हाय. जशीच्या तशी."

अधिकारी म्हणाला, "मागं झालं ते झालं. महाराजांना ते दोन शब्द फार आवडलेत. राजा मजूर. प्रजेसाठी राबणारा राजा. पडदा सरकवायला स्वतः येणार आहेत."

"हुतात्म्याची भिंत हाय, आमचीबी हरकत न्हाय," सेक्रेटरी म्हणाले.

"तुमची कवा हुती हरकत?" आई आतून बोलली. मग चहा घेऊन बाहेर आली. "त्येंला हुतात्मा म्हनू नगा. पोराला झटकं आलतं म्हनून घरी आलते. काम अर्धं राहिलं. एवढंच हाय."

"वहिनी, असं बोलू नगा," सेक्रेटरी म्हणाले. "एका टिंबानं राज्य हललं."

"राज्य कुठं हललं? त्ये बसलंय की तुमच्या शेजारी चा पीत. माझं घर हललं."

अधिकाऱ्यानं कप खाली ठेवला. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "तू दे ते टिंब. लोकांनी इचारलं तर सांग, पोरासाठी काम टाकून आलता मानूस. हुतात्म्यापरीस मला त्ये बरं वाटंल."

त्यानंतर मला नीट झोप नाही. टिंब दिलं तर आईचा नवरा तिला परत मिळतो, पण न्यायाधीशांनी सांगितलेलं काम मीच पुरं करतो. नाही दिलं तर तुमचा शब्द राहतो, पण तो आता राजवाड्यालाही हवा आहे. तुम्ही ज्यासाठी आत गेलात, ते त्यांनी चहाबरोबर गिळून टाकलं. कुणाला विचारावं असं माणूस उरलं नाही. पिशवी मी आदल्या दिवशीच भरली. मी सगळं पुन्हा पुन्हा तपासतो, हे गिऱ्हाइकांना माहीत आहे, त्यावरून ते माझी टिंगलही करतात.

काल सकाळी शिडी लावली. आता लाल रंग कुणालाही मिळतो. अक्षरं काढली, शिरोरेषा ओढली, खाली उतरून लांबून बघितलं. बाजारातली माणसं जमली होती. आई येणार नाही म्हणाली होती, पण पलीकडच्या अडत दुकानाच्या ओट्यावर उभी होती, पदर घट्ट ओढून. मी तुमच्या बारीक ब्रशसाठी पिशवीत हात घातला. ब्रश नव्हता. सगळी पिशवी रस्त्यावर उपडी केली, तरी नव्हता. बोटानं टिंब देता आलं असतं. तुम्ही ते खपवून घेतलं नसतं. आई रस्ता ओलांडून आली.

"राहिलं व्हय रं?"

"राहिलं नाही, आई. तसंच लिहायचं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं, तुमच्याकडं कचेरीत बघितलं होतं तसं, आणि घराकडं चालायला लागली. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही.

घरी आलो तेव्हा ब्रश फडताळात होता, तेल लावून, फडक्यात गुंडाळलेला. हे मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण हा कागद कुठं जाणार नाही, फडताळातच त्याच्याखाली राहील. विसरलो म्हणावं तर मी असा विसरत नाही, आणि मुद्दाम ठेवला म्हणावं तर तसं ठरवल्याचंही आठवत नाही. पिशवी भरताना मी तो हातात घेतला होता, आबा, एवढं नक्की. पुढचं मला आठवत नाही.