वापिटी उडणारच

३१ ऑगस्ट २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. उद्या कुणी विचारलंच की साहेब, हे विमान घडलं कसं, तर तपशील हाताशी असावेत, एवढंच.

तपशील: कुंडलिक, वय सत्तेचाळीस, ठाणे. वागळे इस्टेटमधल्या पॅकिंग मशीनच्या कंपनीत पर्चेसला. ते पोटासाठी. खरं काम ऐतिहासिक विमानं बांधणं. कॉम्प्युटरवर. लोक त्याला गेम म्हणतात, म्हणोत. एकेक तुकडा जोडून विमान उभं करायचं, साइटवर टाकायचं, मग जगभरातले लोक ते डाउनलोड करून उडवतात. माझी सात विमानं साइटवर आहेत. अजून एकही कुणी उडवलेलं नाही. माझ्या विमानात चार-चार हजार तुकडे असतात, आतल्या फासळ्यांसकट. फोनवर उघडलं की फोन हँग होतो. फोनवर विमान उडवणाऱ्यांसाठी मी बांधतच नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
आमच्या ठाणे-कल्याणच्या विमानवाल्यांच्या ग्रुपवर राजरत्न सरांचा मेसेज. सरांचे ठाकुर्लीत क्लासेस आहेत. ग्रुपही ते क्लाससारखाच चालवतात. पाच ऑक्टोबरला त्यांच्या हॉलमध्ये मेळावा. प्रत्येकाने मोठ्या स्क्रीनवर आपलं ऐतिहासिक विमान उडवायचं, एक चक्कर मारायची, उतरवायचं. मग मतं. पहिलं येईल ते साइटच्या संग्रहालयात कायमचं.

कायमचं. म्हणजे लोक येणार, बघणार आणि माझं विमान उडवणार. जेवताना दोनदा हाच विचार आला.

मेसेजखाली लगेच पंचवीस-तीस अंगठे. त्यातले निम्मे स्पिटफायर आणणार. जगात दुसरं विमान झालंच नाही अशी यांची समजूत. मी वापिटी बांधणार. वरखाली दोन पंख, आपल्या हवाई दलाचं अगदी सुरुवातीचं विमान. ग्रुपवर जाहीर केलं. एकाने विचारलं, ते काय असतं. उत्तर दिलं नाही. अशांना उत्तरं देत बसलो तर बांधणार कधी.

५ सप्टेंबर, शुक्रवार
राजरत्न सरांना फोन केला. म्हटलं, नुसतं बाहेरून बघून मतं देऊ नका, लोकांची विमानं म्हणजे रंगवलेले पोकळ डबे. गेममध्ये एक बटण आहे, ते दाबलं की विमानाचं अंग काचेसारखं होतं आणि पोटातलं सगळं दिसतं. उतरल्यावर प्रत्येकाचं ते बटण दाबा. सर म्हणाले, आयडिया बरी आहे, पण मग तुम्हालाही लागू होईल हां. मी म्हणालो, सर, मागणीच माझी आहे.

आता कळेल एकेकाच्या आत काय बोंब आहे ती.

१० सप्टेंबर, बुधवार
साइटवर या आठवड्यात सगळ्यात जास्त उडवलेलं विमान: डोंबिवलीची शेअर रिक्षा. विमान कसलं, रिक्षाला पंख लावलेत. मागे तीन पॅसेंजर. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकलेला चौथा, एक पाय बाहेर, मांडीवर बॅग. बनवणारी आमच्याच ग्रुपमधली पायल. डोंबिवली ईस्टला मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. मग गोळ्या द्याव्यात.

खाली कमेंट्स: एक नंबर ताई, लय भारी ताई, चौथ्याला बघून आमचा भाऊ आठवला ताई. अशिक्षित पब्लिक. व्हिडिओ बघितला. उडते. झोकात उडते. वळताना चौथा जरासुद्धा हलत नाही. पण मला काय करायचंय, माझं काम इतिहासाशी.

१४ सप्टेंबर, रविवार
वापिटी उभं राहिलं. इंजिनाचे नऊ सिलिंडर, पंखांमधल्या तारा, शेपटातल्या फासळ्या, पायलटचा थर्मास. विनिताला हाक मारली. ती पोळ्या टाकून आली, पिठाचे हात मागे धरून बघितलं आणि विचारलं, अहो, उडतं का. वीस वर्षं संसार केला या बाईबरोबर. आधी बघायला तरी शिकावं माणसाने.

दुपारी पहिलं उड्डाण. नाक वर, शेपूट खाली, मग उलटं, मग धूर.

संध्याकाळी पुन्हा. तेच. गेममध्ये बिघाड आहे. कंपनीला ईमेल लिहिला, जरा कडक.

१७ सप्टेंबर, बुधवार
कंपनीचं उत्तर नाही. घाबरले असणार.

ग्रुपवर वापिटीचा फोटो टाकला. पायलने लिहिलं, कुंडलिक सर, सुंदर झालंय, पण लाल गोळा मागे दिसतोय, शेपूट जड आहे, पुढे थोडं वजन टाकून बघा. गेममध्ये असे दोन गोळे दिसतात. लाल म्हणजे वजन कुठे आहे ते, निळा म्हणजे हवा कुठून उचलते ते. लाल थोडा पुढे पाहिजे म्हणे. ज्यांनी खरं वापिटी बांधलं त्यांच्याकडे कुठे गोळे होते. तसं लिहिलं. तिने हात जोडल्याचा इमोजी टाकला. बोलती बंद.

मी गोळे दिसायचंच बंद करून ठेवलंय.

२१ सप्टेंबर, रविवार
संकल्प. एक, रोज ऑफिसातून आल्यावर दोन तास वापिटी. दोन, चिडायचं नाही. तीन, साइटवर जाऊन दुसऱ्यांचे आकडे बघायचे नाहीत.

संध्याकाळ: सहा वेळा आपटलं. कीबोर्डचं एक बटण निघून आलं. रिक्षा दोन हजार उड्डाणांवर गेली.

२४ सप्टेंबर, बुधवार
विनिता टेंभी नाक्याच्या देवीला चल म्हणत होती. मी म्हटलं, पाच तारखेनंतर. ती म्हणाली, पाच तारखेपर्यंत देवी थांबणार नाही. सान्वीला घेऊन गेली. सान्वी, आमची मुलगी, कॉलेजला आहे. जाता जाता ती म्हणाली, बाबा, शेपटातल्या फासळ्या काढून टाका ना, कुणाला दिसतायत त्या. काढून टाका. उद्या म्हणेल, आजोबांच्या फोटोमागची भिंत दिसत नाही, पाडून टाका.

घरात मी एकटा. धावपट्टीवर वापिटी उभं होतं. उभं असताना त्याच्यासारखं विमान नाही. बराच वेळ बघत बसलो. मग उडवलं.

आता दिवस थोडे उरलेत. ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलोय. पर्चेसचे साहेब मेळाव्याला येतो म्हणाले. विनितानेही येते म्हणून सांगितलंय, पहिल्यांदाच. सगळ्यांसमोर हे उलटं पडलं तर मला ऑफिसात बसतासुद्धा येणार नाही, घरी तर नाहीच.

२७ सप्टेंबर, शनिवार
रिक्षा डाउनलोड केली. अभ्यासासाठी. शत्रूचं बलस्थान माहीत असावं.

अभ्यासाअंती निष्कर्ष: सांगाडा बरा आहे. बाईला अक्कल नसली तरी हात आहे.

२८ सप्टेंबर, रविवार
रिक्षाचा सांगाडा मध्ये ठेवला आणि वरून वापिटीचं अंग चढवलं. तात्पुरतं. रंग, पंखांचा आकार, इंजिन, तारा, सगळं माझं. रिक्षा आत कुठेतरी आहे, पण माणसाच्या आत हाडं असतात, म्हणून कुणी त्याला हाडं म्हणत नाही.

ड्रायव्हर काढला. उडालं. मागचे तिघे काढले. उडालं. आयुष्यात पहिल्यांदा माझं विमान हवेत सरळ गेलं. खुर्चीतून उठलेलो. चौथा काढला. नाक वर, शेपूट खाली, धूर.

चौथा परत ठेवला. उडालं.

रिक्षाचं इंजिन मागे, वजन मागे, म्हणून तिने हा माणूस बॅगेसकट पुढे बसवलाय. त्याच्या जिवावर सगळं चाललंय. त्याच्याऐवजी थर्मास वाढवून बघितले. नाही. तोच लागतो. एक पाय बाहेर काढून, तसाच.

ठीक आहे. वापिटीत तसंही दोघे असायचे. हा निरीक्षक. पाय आत घेतला तर विमान डावीकडे वळतं, म्हणून पाय तसाच ठेवून बाहेरून पत्रा लावला.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
कॉम्प्युटरची पूजा केली. विनिताने झेंडूचा हार घातला, तो पडद्यावर लोंबतो, अर्धी धावपट्टी दिसत नाही.

राजरत्न सरांना सहज फोन केलेला. म्हटलं, ते काचेचं बटण, वेळ खूप जाईल, बघा, रद्द केलं तरी माझी हरकत नाही. सर म्हणाले, छे, लोकांना तीच गोष्ट आवडलीय, तुमच्या नावाने जाहीर केलंय. बरं म्हटलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मागच्यांना काय दिसणार आहे.

५ ऑक्टोबर, रविवार
सकाळ: इस्त्रीचा शर्ट. विनिताने ओवाळलं. सान्वीही आली.

रात्री घरी आल्यावर लिहितोय.

हॉल भरलेला. साहेब पुढच्या रांगेत, सहकुटुंब. आधी स्पिटफायर, स्पिटफायर, एक डाकोटा, पुन्हा स्पिटफायर. बटण दाबलं की सगळे पोकळ. मी प्रत्येक वेळी विनिताकडे बघून मान हलवत होतो. पायलने काही आणलंच नव्हतं, म्हणाली, माझी रिक्षा ऐतिहासिक नाही, मी बघायला आलेय. निदान तेवढी समज आहे.

मग मी. वापिटी धावलं, वर गेलं, हॉलच्या स्क्रीनभर आभाळ आलं. चक्कर मारली. उतरवलं, एक उडीसुद्धा नाही. टाळ्या पडल्या. साहेब टाळ्या वाजवत होते. विनिता उभी राहून वाजवत होती. इतक्या वर्षांत ती माझ्यासाठी उभी राहिलेली मला आठवत नाही. खाली बघत राहिलो.

तेवढ्यात सरांनी बटण दाबलं.

वापिटीचं अंग काचेचं झालं आणि आत पिवळ्या-काळ्या सांगाड्यात, एक पाय बाहेर काढून, मांडीवर बॅग घेऊन, तो बसलेला. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. मी म्हणालो, हा निरीक्षक, त्या काळी निरीक्षक असायचे. मागून एकजण म्हणाला, निरीक्षक कसला, हा तर डोंबिवलीचा चौथा. मग हॉल जो हसायला लागला तो थांबेना. साहेबांच्या बायकोने रुमाल तोंडावर धरला.

पायल हसली नाही. तेच जास्त लागलं. तिने शांतपणे सांगितलं की हे आमचे धम्मपालकाका, यांच्यावरून बनवलेत. आणि तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उठले, हातात तीच बॅग. त्यांनी सगळ्यांना हात जोडले. माझ्यापेक्षा जास्त टाळ्या. मग मला त्यांनी अगदी आदराने विचारलं की साहेब, विमानात तरी नीट बसायला जागा दिलीत का. मी म्हणालो, पाय बाहेरच आहे.

मतं: डाकोटा पहिलं. साधं डाकोटा. वापिटीला एक मत, आणि ते विनिताचं. माझं मत मी डाकोटाला दिलेलं, मोठेपणा दिसावा म्हणून.



६ ऑक्टोबर, सोमवार
ऑफिसला गेलो नाही. तब्येत.

झालं ते एका अर्थी बरंच झालं. संग्रहालयात जाऊन विमान धूळ खातं. शिवाय मतं देणाऱ्यांचा स्तर. शिवाय ठाकुर्ली.

पायलचा मेसेज आलाय. सर, वाईट वाटून घेऊ नका, अंग फार सुंदर बांधलंय, तुकडे कमी केले तर लोक नक्की उडवतील. नावं दोघांची टाकू. दोन वेळा वाचला. उत्तर दिलेलं नाही. उपकार नकोत.

८ ऑक्टोबर, बुधवार
ऑफिसला गेलो. माझ्या खुर्चीशेजारी एक स्टूल ठेवलेलं. कोण बसणार विचारलं तर सगळे कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले. टवाळखोर. पर्चेसमध्ये दुसरं काही जमत नाही यांना.

१२ ऑक्टोबर, रविवार
दुपारी विनिता फोन घेऊन आली आणि म्हणाली, ते विमान मला द्या, मला उडवून बघायचंय. तिच्या फोनवर टाकलं. फोन हँग झाला.

ती फोन हातात धरून तशीच बसून राहिली. मग मी शेपटातल्या फासळ्या काढल्या. तरी हँग. पंखांतल्या काढल्या. थर्मास काढला. तारा काढल्या. सिलिंडर नऊचे तीन केले, मग एक, मग तोही काढला. दर वेळी ती फोन पुढे करायची आणि मी अजून काहीतरी काढायचो. पत्रा काढला, वरचा पंख काढला, अंगावरचं आणि खालच्या पंखावरचं माझं आवरण काढलं. चहा झाला. शेवटी एकदाचं उघडलं.

तिने उडवलं. पहिल्यांदा भिंतीत गेली, दुसऱ्यांदा उडालं. सान्वीला बोलावून दाखवलं. ठाण्यावरून चक्कर मारते म्हणाली, गेममध्ये ठाणं नाही, पण मी बोललो नाही. उतरवलंसुद्धा तिने, नीट. माझं विमान माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी उडवलं.

मग तिने विचारलं, अहो, यातलं तुम्ही केलेलं कुठलं. मी फोन हातात घेतला. चाकं रिक्षाची. सांगाडा रिक्षाचा. पंख पायलचे. चौथा तिचा काका. फोन तिरपा करून बघितला, उलटा करून बघितला. शेपटावर नंबर होता, तो मी रंगवलेला. तो दाखवला.

विनिताने चष्मा वर करून वाचला आणि म्हणाली, अक्षर छान आलंय.