टक्केबाईंची बॅटरी

मंगळवार, ३ मार्च

पुन्हा तीच! दावे विभागातली, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी. "दादा, घरी लावला की चार्जच होत नाही हो. अकरा टक्के राहिलेत." गेल्या आठवड्यात नऊ होते, त्याआधी चौदा. मी मनातल्या मनात तिचं बारसं करून टाकलंय — टक्केबाई.

माझ्या टेबलावर लावला. दिवा लागला, आकडा चढायला लागला. माझ्यासमोर सगळी यंत्रं गुणी बाळासारखी वागतात! अकरा वर्षं या विमा कंपनीचे संगणक दुरुस्त करतोय. निम्मे दोष यंत्रात नसतात, समोरच्या खुर्चीत असतात. तिला विचारलं, "घरी भिंतीवरचं बटण दाबता ना?" प्रिंटरवाला खिदळला. ती नाही हसली. विनोदाची जाण नाही.

बुधवार, ४ मार्च

अडॅप्टर बदलून दिला. पिनेच्या भोकातला कचरा काढला. बॅटरी काढली, चालूचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, परत बसवली. चार वाजेपर्यंत शंभर टक्के. "आता पळेल बघा घोड्यासारखा!"

गुरुवार, ५ मार्च

बारा टक्के.

शुक्रवार, ६ मार्च

म्हणते, नवी बॅटरी मिळेल का? अहो, बॅटरी म्हणजे काय प्रसाद आहे? तिची बॅटरी म्हातारी झालीय हे खरं, पुरवठा काढला की चाळीस मिनिटांत मान टाकते. पण नियम म्हणजे नियम. तपासणीत क्षमता पन्नासच्या खाली गेली तरच नवी. हिची त्रेपन्न. नियम मीच लिहिलाय.

तिची घाई मला कळते. त्या विभागाची पद्धत अशी, की दिवसभर ऑफिसात आणि संध्याकाळी सहा ते आठ घरून उरलेल्या दाव्यांचा गठ्ठा संपवायचा. हिचा गठ्ठा रोज अर्धवट. एकतीस तारखेला हिला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार आहे. मग खापर फोडायला लॅपटॉप बरा!

घरी मात्र आपला कारभार चोख. बायकोचा ऑनलाइन वर्ग सात ते साडेआठ. बालवाडीची शिक्षिका व्हायचंय बाईसाहेबांना, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी! आणि आमची जेवायची वेळ पावणेआठ. दोनदा गार जेवलो, तिसऱ्यांदा राउटरला टायमर लावला. पावणेआठला वायफाय गुल. "लाइनच खराब आहे गं, कंपनीला कळवतो," म्हटलं. तिच्या मोबाइलचं नेट घरात शिरता शिरताच दम तोडतं, त्यामुळे तीही पळवाट नाही. दोन महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही, ताट वेळेवर. याला म्हणतात डोकं चालवणं!

मंगळवार, १० मार्च

सापडली! चोर सापडला!

लॅपटॉप गुपचूप सगळं टिपून ठेवतो हे लोकांना ठाऊक नसतं. पुरवठा कधी जोडला, कधी तुटला, मिनिटासकट. टक्केबाईंचा तो अहवाल काढून वाचला. रोज सहाच्या सुमाराला पुरवठा चालू. आणि रोज सातनंतर पाच-दहा मिनिटांत बंद. सात-सहा. सात-नऊ. सात-आठ. नंतर सकाळपर्यंत काही नाही. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दिवसभर चालू!

म्हणजे दोष फक्त कामाच्या दिवशी येतो, तोही घड्याळ बघून. फारच शहाणा दोष! अहो, ही बाई स्वतःच पिन उपटते आणि सकाळी रडवेलं तोंड करून माझ्या दारात येते. आणि मी वेड्यासारखा अडॅप्टर बदलत बसलोय.

बुधवार, ११ मार्च

अहवाल दिला. "यंत्रात दोष नाही. वापरणारी व्यक्ती स्वतः पुरवठा खंडित करते असे दिसते." दिसते! कसला सभ्य शब्द सापडला मला. साहेबांनी तीनदा वाचला. "शाब्बास. हिचा निकाल मग लागलाच." पण नोकरीचा प्रश्न आहे, तेव्हा एकदा घरी जाऊन जागेवर तपासणी आणि सही हवी. नस्ती उठाठेव. पुढच्या गुरुवारी उरकतो.

शुक्रवार, १३ मार्च

टक्केबाईंना सांगितलं, घरी येणार. चेहरा पांढरा पडला. "नको हो दादा, घरी कशाला? मीच आणते ना लॅपटॉप." खाई त्याला खवखवे, आणखी काय!

रविवार, १५ मार्च

बायको विचारते, "उद्या संध्याकाळी लाइन नीट राहील का रे? कंपनीला फोन करून बघशील?" मी काय लाइनमन आहे? "बघू," म्हटलं.

सोमवार, १६ मार्च

बायको जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणे. माझं ताट मात्र वेळेवर वाढलं. भाजी छान झाली होती.

गुरुवार, १९ मार्च

जाऊन आलो.

दोन खोल्या, तिसरा मजला. आतल्या खोलीत खिडकीखाली शिवणयंत्राच्या झाकणावर लॅपटॉप. तिथेच बसून काम करते. मी अडॅप्टर लावला. दिवा लागला, आकडा चढू लागला. "बघा!" म्हणालो, अगदी खुशीत. "कुठे आहे दोष?" ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मी कागद काढून सहीची जागा दाखवायला लागलो. सात वाजून सात मिनिटं झाली होती.

तेवढ्यात पंखा थांबला. लॅपटॉपचा दिवा गेला. मला वाटलं, लाइट गेली. पण बाहेर पॅसेजमधला दिवा लख्ख चालू! तिचा नवरा खोलीच्या दारापाशी, खटक्यांच्या पेटीचं झाकण लावत होता.

"चला, जेवायची वेळ झाली," तो म्हणाला. काही लपवाछपवी नाही. मला बघून उलट खुललाच. "रोजचंच आहे हो. एकदा पडद्यासमोर बसली की उठायचं नाव नाही. सांगून ऐकत नाही. मग मी या खोलीचा खटका पाडतो, तो सकाळीच वर. भांडण नाही, तंटा नाही! तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला कळेलच."

आणि हसला. आणि मी पण हसलो! का हसलो? कुणी माझ्या तोंडावर पिस्तूल धरलं नव्हतं. ती खाली वाकून अडॅप्टरची वायर गुंडाळत होती. तिनं मला हसताना ऐकलं. मग तिनं पेन मागितलं. "कुठे करू सही?"

कागद तसाच घडी करून खिशात कोंबला आणि जिना उतरलो.

भांडण नाही, तंटा नाही. हे शब्द कुठे तरी ऐकल्यासारखे वाटत होते. घरी येऊन ही वही उलटी चाळली. सहा तारीख. माझंच अक्षर. पुढे 'ताट वेळेवर' एवढं जास्तीचं, बाकी सगळं तेच.

शुक्रवार, २० मार्च

टायमर काढायला उठलो. काढला तर ती विचारेल, आज बरी सुधारली लाइन! काय सांगणार? परत बसलो. पावणेआठला वायफाय गेलं. जेवण गरम होतं.

सोमवार, २३ मार्च

साहेबांकडे गेलो. "माझा अहवाल चुकला." त्यांनी चष्मा काढला. अकरा वर्षांत हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. "अरे, तूच लिहिलंस ना, मिनिटासकट?" मिनिटं बरोबर आहेत, म्हटलं. पिन काढणारा हात तिचा नाही. पुरवठा घरातलं दुसरं माणूस तोडतं. "घरगुती भानगडीत कंपनी पडत नाही," साहेब म्हणाले. मी म्हटलं, पण माझ्या अहवालानं ती पडलीच आहे! जरा आवाज चढला माझा. साहेब पेन आपटत बसले. शेवटी मुदत तीन महिन्यांनी वाढवली. कायम नाही, नारळही नाही. त्यांच्याकडून एवढं निघालं हेच नशीब.

खाली येऊन टक्केबाईंच्या बॅटरीची तपासणी पुन्हा केली. त्रेपन्न. कागदावर एकोणपन्नास लिहिलं आणि कपाटातली नवी बसवून दिली.

"किती वेळ चालेल?" तिनं विचारलं.

"पाच तास. भिंतीची गरजच नाही."

"पुरे."

मी माफी मागितली. नीट जमली नाही. अहवालाबद्दल मागितली, हसण्याबद्दल मागायची राहिली. विचारलं, "आधीच का नाही सांगितलंत?" तिनं लॅपटॉप पिशवीत ठेवला. "काय सांगू, दादा? अडॅप्टर खराब आहे असं सांगणं सोपं जातं."

टक्केबाई हे नाव आजपासून बंद. घरी आल्यावर आधी टायमर काढला. बायको स्वयंपाकघरात होती, तिनं पाहिलं नाही. आज तिचा वर्गही नव्हता.

मंगळवार, २४ मार्च

पावणेआठ वाजून गेले. आठ वाजले. ती पडद्यासमोर, वायफाय चालू. मला राहवेना. म्हटलं, "सुधारली वाटतं लाइन. कंपनीनं मनावर घेतलं शेवटी."

ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "टायमर काढलास ना?"

मी राउटरकडे बघितलं.

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. तू कधी सांगतोस ते बघत होते. मॅडमना सांगत राहिले, आमची लाइन खराब आहे. परीक्षा सोळा तारखेला होती. पावणेआठपर्यंत निम्मा पेपर झाला होता."

मग म्हणाली, "ताट झाकून ठेवलंय. गार झालं असेल."